गावी गेल्यावर गजालीला बसायचं कसं

मुंबई-पुण्यात वाढलेली पोरं सुट्टीला कोकणात येतात. पडवीत कुणी भेटलं की “कसं काय, बरं आहे ना?” विचारतात, समोरून “बरा” येतं आणि दोघंही गप्प होतात. प्रश्नाला धरायला काही नसलं की असंच होतं. समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असलेलं, आणि आत्ता या आठवड्यात चाललेलं काहीतरी विचारावं. एवढं जमलं तरी तासभर गजाली, म्हणजे गप्पा, चालतात.

आधी ओळख द्यायची. सिंधुदुर्गात “कोणाचो रे तू?” हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत येतोच. त्याला आडनाव सांगून भागत नाही, कारण अख्ख्या वाडीचं आडनाव एकच असू शकतं. वाडी, घराची ओळख आणि आजोबांचं नाव, या क्रमाने सांगा: “वरच्या वाडीतला, विहिरीकडच्या घरातला, अमक्यांचा नातू.” नोकरी, कंपनी, हुद्दा यातलं काही नको, विचारलं तर एका वाक्यात सांगा. नातं जुळलं की मोठी माणसं आपणहून तुमच्या आजोबांची एखादी आठवण काढतात. तेव्हा मध्ये बोलू नये. गजाल तिथेच सुरू झालेली असते.

मालवणी येत असेल तर बोला, नसेल तर साधी मराठी बोला, त्यात कमीपणा नाही. अर्धवट मालवणी ओढूनताणून बोललं की ऐकणाऱ्याला आपली नक्कल चालल्यासारखी वाटते. रत्नागिरीकडे मालवणी चालवू नका, तिथल्या संगमेश्वरी बोलीची चाल वेगळी आहे. “मेल्या” हा शब्द जवळच्यांच्या तोंडी मायेचा असला तरी नवख्याने वापरायचा नाही. वडीलधाऱ्यांना तुम्ही, काका, काकी, आजी म्हणावं. त्यांनी आपल्याला “रे” म्हटलं म्हणून उलट “रे” म्हणू नये.

वेळ सांभाळणं फार महत्त्वाचं. सकाळी गुरं, पाणी, पूजा, बाजार असतो. दुपारी एक ते चार घर झोपलेलं असतं, तेव्हा हाक मारू नये. चारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ हक्काचा. जुलैत भाताची लावणी चालू असताना कुणाला थांबवायचं असेल तर बांधावर उभं राहून दोन वाक्यं पुरे. आंब्याच्या दिवसांत बागायतदाराला दिवसा गाठू नका. काढणी, निवड आणि पेट्या भरणं यात तो अडकलेला असतो.

आता विषय. मे अखेरीस आणि जूनमध्ये पावसाशिवाय दुसरं काही नसतं. “पाऊस कधी येईल?” हा प्रश्न पोकळ आहे. “धूळवाफेची पेरणी केलीत की मृगाची वाट बघताय?” असं विचारलं की माणूस खुलतो, कारण पावसाआधी कोरड्या मातीत पेरायचं (हीच धूळवाफ) की थांबायचं, हा त्याचा निर्णय आहे. रोहिणी साधारण 25 मेला लागते आणि मृग 7-8 जूनला, एवढं लक्षात असू द्या. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन विचारलं तर आजोबा लोकांना विशेष आनंद होतो. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस असा ठोकताळा आहे, आणि गेल्या वर्षी तो चुकला की बरोबर आला यावर वाद रंगतो. या वादात हवामान खात्याचा नकाशा काढून दाखवू नका, गजाल तिथेच थांबते.

थंडीत विषय आंब्याच्या मोहोराचा. “औंदा मोहोर कसो?” एवढंच विचारा आणि ऐका. ढगाळ हवा पडली की तुडतुडा ही कीड आणि भुरी हा रोग येतो, थंडी लांबली की फळ उशिरा धरतं, मग कैरीची गळ होते. हे सगळं बागायतदार स्वतःहून सांगतो. हापूसचं झाड बहुधा वर्षाआड भरभरून धरतं. म्हणून “गेल्या वर्षी चांगला होता, मग यंदा विश्रांती का?” हा जाणकार प्रश्न ठरतो. “किती पेट्या गेल्या? काय भाव मिळाला?” हे मात्र विचारू नये. त्यात त्याची कमाई, दलालाकडून घेतलेली उचल आणि झाडं कराराने दिलेली असतील तर तो व्यवहार, असं सगळंच उघडं पडतं. काजूच्या बीचा दर बाजारात सगळ्यांनाच ठाऊक असतो, त्यामुळे तो चालतो.

मासळीवाल्या बाईला “ताजे आहेत ना?” विचारणं म्हणजे तिच्या शब्दावर अविश्वास. ताजेपणा डोळ्यांनी बघता येतो: गलफडं लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, अंग कडक. तिला विचारायचं ते वेगळं: “आज रापणीचे की गळाचे?”, “बांगडो कधीपासून लागलो?” (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.) यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत खाडीची मासळी, सुकट आणि पहिल्या पावसातले चढणीचे मासे यांवर बोला.

किनाऱ्यावर भरतीची गजाल कधीही चालते आणि तिचं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अष्टमीला सहा. सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. जागेप्रमाणे तासभर मागेपुढे होतं, म्हणून “तुमच्याकडे किती फरक पडतो?” हे विचारायलाच हवं. उधाण आणि भांग हे शब्द समजून घ्या: पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी भरती.

प्रवासाचा विषय बारमाही आहे. “कशान इलंस?” या प्रश्नाला “गाडीने” एवढंच उत्तर देऊ नका. कोणती गाडी, किती उशीर, हायवेला कुठे अडकलात, कुठला घाट उतरलात, सगळं सांगा. इथे तपशील कुणाला जड होत नाही. गणपतीचं रिझर्व्हेशन तर दोन महिने आधीपासून बोललं जातं, कारण 1 नोव्हेंबर 2024 पासून तिकिटं 60 दिवस आधीच खुली होतात. थंडीत आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख ठरली का, हाही खात्रीचा विषय. ती कॅलेंडरवर बांधलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते.

काही गोष्टींना आपण हात लावायचा नाही: सातबारा, सामाईक जमीन, गडग्याची (दगडी कुंपणाची) हद्द आणि देवळातले मानपान. यांवरून सख्ख्या घरांत बोलणं तुटलेलं असतं, आणि तुम्ही कुणाच्या ओटीवर काय बोललात हे संध्याकाळपर्यंत दुसऱ्या वाडीत पोचतं. समोरच्याने विषय काढलाच तर “मला त्यातलं कळत नाही” म्हणून ऐकून घ्या. बंद घराकडे बघून “विकणार का?” हेही नको. आणखी एक, निघालेल्या माणसाला “कुठे चाललात?” विचारू नये, कामाला अपशकुन मानतात. “निघालात वाटतं?” चालतं.

ऐकताना “होय मा?”, “मगे?” एवढं म्हणत राहिलं तरी पुरतं. सल्ला देऊ नका. चहाला पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा अर्धा कप घ्यायचा; अजिबात न घेता उठलं की घरच्या बाईला वाईट वाटतं.

उठताना “जातो” नाही, “येतो” म्हणावं. लगेच बाहेर पडायची घाई करू नये. यजमान बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत, सोडायला येतात आणि आजारपण, मुलाचं लग्न, मुंबईला पोचवायचा निरोप अशा खऱ्या गोष्टी बेड्यात उभ्यानेच निघतात, म्हणून तिथे दहा मिनिटं हाताशी ठेवा. निरोप मिळाला तर त्याच दिवशी पोचवा, आणि पुढच्या खेपेला पहिला प्रश्न त्याचाच विचारा.