मराठी लिहिण्यासाठी स्टब की इटॅलिक? निब कशी निवडावी

शाईच्या पेनासाठी स्टब किंवा इटॅलिक, म्हणजे चपट्या टोकाची, निब घ्यायची ठरवलं की सगळ्यात आधी समोर येते ती १.१ मिलिमीटर रुंद टोकाची. रोमन लिपीत मोठं, मोकळं अक्षर काढणाऱ्याला ती छान शोभते. रोजच्या मराठी लिखाणाला मात्र ती बहुतेकांना जाड पडते. ळ आणि भ यांच्या गाठी शाईने भरतात, उकार खालच्या ओळीत घुसतो, आणि चांगली निब महिन्याभरात खणात जाऊन पडते. म्हणून पेन बघण्याआधी पट्टी घ्या आणि स्वतःचं अक्षर मोजा. बाकीचं बरंचसं त्या मापावरूनच ठरतं.

त्याआधी या निबा काय करतात ते थोडक्यात. साध्या निबच्या टोकाला गोलसर मणी असतो, त्यामुळे रेघ कोणत्याही दिशेला ओढली तरी जाडी जवळपास तीच राहते. स्टब आणि इटॅलिकचं टोक चपटं, आडव्या कडेचं असतं. इटॅलिकची कड आणि कोपरे धारदार असतात. तिच्यात जाड-बारीक फरक लख्ख उमटतो, पण पेन हातात जरा फिरलं की एक कोपरा कागदात रुततो किंवा अर्धी रेघ उमटतच नाही. स्टबचे कोपरे घासून गोल केलेले असतात. फरक थोडा मवाळ होतो, पण हात पळतो. दोन्हींच्या मधली निब कर्सिव्ह इटॅलिक. डबीवरच्या नावावर मात्र फार विसंबू नका. एका कंपनीची इटॅलिक दुसरीच्या स्टबइतकी मऊ चालते.

आपल्या लिपीत हा सगळा खेळ आधी शिरोरेघेवर दिसतो. निबची कड ओळीला समांतर धरली तर काना जाड आणि शिरोरेघ बारीक येते. तीच कड ४५ अंशांत तिरकी धरली तर काना आणि शिरोरेघ सारख्याच जाडीच्या होतात, निबच्या रुंदीच्या साधारण ७० टक्के, आणि जाड-बारीकपणा तिरक्या व गोल वळणांत उतरतो. बोरूचं टोक तिरकं कापतात ते हात न वाकवता हा कोन मिळावा म्हणून. तुम्हाला शिरोरेघ कशी आवडते, हे आधीच मनाशी ठरवा. एकाच निबमधून दोन अगदी वेगळी अक्षरं निघतात.

आता मोजमाप. नेहमीच्या वहीतल्या दोन ओळी, रोजच्या वेगाने लिहा. मग शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजा, मात्रा आणि उकार सोडून. वहीच्या दोन रेघांत ८ मिलिमीटर अंतर असेल, तर वर वेलांटी-रफाराला आणि खाली उकार-ऋकाराला जागा देऊन अक्षराच्या अंगाला जेमतेम ४ मिलिमीटर उरतात. सुलेखनात अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या सुमारे पाचपट धरतात. चाराला पाचाने भागा: ०.८. याच हिशेबाने १.१ च्या निबला साडेपाच मिलिमीटरचं अक्षर लागतं आणि १.५ ला साडेसात. ८ मिलिमीटरच्या ओळीत ती बसवायची कुठे? १.१ घ्या ती पत्रांसाठी, कोऱ्या कागदासाठी, मोठ्या अक्षराच्या डायरीसाठी. १.५ आणि त्यापुढची शीर्षकं, पाकिटांवरची नावं आणि शुभेच्छापत्रं यांसाठी राखून ठेवा.

पुढचा प्रश्न हाताचा. चपट्या टोकाचं, २ मिलिमीटरचं साधं कॅलिग्राफी मार्कर आणा आणि पानभर लिहा. पानाच्या शेवटीही काने सारखेच जाड येत असतील, तर तुमचं पेन बोटांत फिरत नाही, इटॅलिक चालेल. काने मध्येच बारीक होत असतील, रेघेची एक बाजू फाटकी दिसत असेल, तर सरळ स्टब घ्या. भरभर टिपणं काढणाऱ्यांनीही स्टबच घ्यावी. मोडी लिहिणाऱ्यांना तर माझं हेच आग्रहाचं सांगणं आहे. मोडीत आधी ओळभर रेघ मारून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं शक्यतो हात न उचलता वळवत नेतात. त्या वळणांत निब पुढे ढकलावी लागते आणि धारदार कोपरा तिथे हमखास अडतो. डावखुऱ्या हातालाही रेघा ढकलाव्या लागतात, तेव्हा गोल कोपरेच बरे.

पेन निवडताना निब बदलता येते का, हे आधी विचारा. लॅमीच्या सफारीसारख्या पेनांत निब सरळ ओढून काढता येते, आणि त्यांच्या इटॅलिक १.१, १.५ व १.९ अशा तीन मापांत मिळतात. म्हणजे जुन्या पेनवरच प्रयोग करता येतो. ट्विस्बीच्या पेनांत १.१ चा स्टब मिळतो. त्याहून बारीक हवी असेल, तर पायलटची सीएम (कॅलिग्राफी मीडियम) निब बघा. मराठी वहीसाठी ती मला सर्वांत सोयीची वाटते. दुसरी वाट म्हणजे जाणकार कारागिराकडून ब्रॉड निब घासून स्टब करून घेणं. हे काम घरी पॉलिश पेपरवर करू नका. टोकाचा कठीण धातू एकदा गेला की परत येत नाही.

दुकानात निब शाईत बुडवून बघायला मिळाली तर सही करून थांबू नका. ‘शुद्ध’, ‘कृष्ण’, ‘क्षितिज’, ‘बाळबोध’ असे शब्द तुमच्या नेहमीच्या आकारात लिहा. द्ध आणि ष्ण वाचता आले पाहिजेत, ळच्या दोन्ही वाट्या उघड्या दिसल्या पाहिजेत. मग एक लांब शिरोरेघ ओढा. ती मध्ये तुटली तर दोन्ही कोपरे कागदाला सारखे टेकत नाहीत. शेवटी खालून वर काही रेघा ओढा. खरखर लागली तर दुसरी निब मागा. बुडवलेली निब नेहमीपेक्षा ओली चालते, त्यामुळे शाईचा खरा ओघ घरी पेन भरल्यावरच कळेल.

रुंद निब शाई जास्त सोडते. पातळ कागदाच्या वहीत ती पाठीमागे उमटते, म्हणून निदान ८० जीएसएमचा गुळगुळीत कागद वापरा आणि शाई फार ओघळती नको. भरभर लिहिताना रेघ कोरडी पडू लागली, तर आधी निब आणि जीभ (निबखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) साध्या पाण्याने धुऊन बघा. बँकेचे फॉर्म आणि चौकटीचौकटींचे अर्ज यांसाठी मात्र एक बारीक निबचं पेन वेगळं ठेवा. त्या चौकटींत ०.८ सुद्धा मावत नाही.