वर्तुळ आणि मेद: कर्कपेशींतील वर्तुळाकार आरएनएवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पीएच.डी.साठी मी वर्तुळाकार आरएनए (दोन्ही टोके जोडली जाऊन बंद कड्यासारखा झालेला आरएनए) हा विषय निवडला, तो २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधामुळे. एसीसी-१ जनुकापासून तयार होणारे विकर मेदाम्लनिर्मितीची पहिली पायरी पार पाडते. त्याच जनुकातून निघणारा सर्क-एसीसी-१ हा वर्तुळाकार आरएनए मात्र, पेशींना सीरम मिळेनासे झाले की वाढतो, एएमपीके या, पेशीतील ऊर्जेचा तोल सांभाळणाऱ्या विकराच्या बीटा आणि गॅमा उपघटकांशी जोडला जाऊन त्याची जुळणी पक्की करतो आणि मेदाम्लांच्या ज्वलनाला, तसेच ग्लायकोलिसिसला, चालना देतो. मेद घडवणारा आणि मेद जाळायला लावणारा असे दोन रेणू एकाच जनुकातून निघावेत, याने मी भारावून गेले होते.

हे वर्तुळ एसआय-आरएनएने (जुळणारा आरएनए तोडायला लावणाऱ्या छोट्या आरएनएने) कमी केले, तर ज्वलन मंदावून मेद साठेल, अशी माझी अपेक्षा होती. मेदाला लाल रंग देणाऱ्या ऑइल रेड ओने रंगवलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा केंद्रकाभोवतीचे लाल थेंब उलट विरळ झालेले दिसले. या विसंगतीचे स्पष्टीकरण शोधण्यात माझे तीन महिने गेले. शेवटी मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, ‘सरळ एसीसी-१ मोजलास का?’ सरळ एसीसी-१, म्हणजे विकर घडवणारा नेहमीचा संदेशवाहक आरएनए, मोजला, तर तोही जवळपास निम्म्यावर आला होता. माझ्या एसआय-आरएनएचा बहुतांश भाग एकाच एक्झॉनशी, म्हणजे सरळ आरएनएतही असणाऱ्या जनुकाच्या तुकड्याशी, जुळत होता, त्यामुळे विकराचा संदेशवाहक आरएनएच तुटत होता आणि मेदनिर्मितीच मंदावली होती.

म्हणून नवागतांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, एसआय-आरएनएचा मध्य वर्तुळाच्या सांध्यावरच, म्हणजे दोन टोके जुळतात त्या जागेवरच, येऊ द्यावा आणि प्रत्येक प्रयोगात सरळ रूपही मोजावे. त्याआधी वर्तुळ खरोखर वर्तुळ आहे याची खात्री करावी: एकमेकांकडे पाठ केलेले प्रायमर (पीसीआरमध्ये प्रती काढण्याची सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) वापरावेत, आरएनेज आर हे विकर दिल्यावर सरळ रेणू नष्ट होऊन वर्तुळ टिकते का ते पाहावे आणि सांध्याचा क्रम सँगर पद्धतीने वाचून घ्यावा. वर्तुळाला पॉली-ए शेपूट (टोकाची ‘ए’ अक्षरांची माळ) नसते; त्यामुळे सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) बनवताना त्या शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटीऐवजी कुठेही चिकटू शकणारे रँडम हेक्झामर घ्यावेत.

मायक्रो-आरएनए (जनुकांचे काम दाबणारे छोटे आरएनए) शोषणाऱ्या ‘स्पंज’च्या गृहीतकाकडे वळण्याची घाई मला योग्य वाटत नाही. मेंदूतील सीडीआर-१-एएस या वर्तुळावर मिर-७ या मायक्रो-आरएनएसाठी सत्तरहून अधिक जागा आहेत. आपल्या वर्तुळावर एक-दोनच असतील, तर पेशीत त्याच्या किती प्रती आहेत हे आधी मोजावे; प्रतीही थोड्याच असतील, तर शोषण नगण्य राहील.