बेकायदा मार्गाने परदेशी निघालेल्या तरुणाला कसे सावरावे

बेरोजगारी, घरावरचे कर्ज आणि परदेशी गेलेल्या मित्रांची छायाचित्रे यांमुळे तरुण दलालाच्या शब्दावर विसंबतो. म्हणून त्याला दटावण्याआधी त्याची अडचण ऐकून घ्यावी. मग त्याच्यासोबत बसून व्हिसा वाचावा, कारण पर्यटन व्हिसावर सहसा नोकरी करता येत नाही. नोकरीचा करार थेट मालकाकडून पडताळावा. कोलंबिया आणि पनामा यांच्यामधल्या दारिएनच्या जंगलात, भूमध्य समुद्रातल्या खचाखच भरलेल्या रबरी बोटींत माणसे जीव गमावतात, हे त्याला स्पष्ट सांगावे. पोहोचल्यावरही पासपोर्ट काढून घेतला जातो, मजुरी बुडते आणि हद्दपारीच्या भीतीने तक्रारही करता येत नाही. मला हाच धोका सर्वांत क्रूर वाटतो. तरीही तो निघालाच, तर पासपोर्टची प्रत आणि दलालाचा ठावठिकाणा घरी लिहून ठेवावा.