पाना उचलण्याआधी: टायर, चाकं आणि सस्पेन्शनच्या कामात या चुका टाळा

स्टिअरिंग थरथरायला लागलं की बरेच जण पहिला संशय शॉकअपवर घेतात. गाडी जॅकवर चढते, नवा पार्ट बसतो आणि थरथर होती तशीच राहते. शेवटी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाचं ढेकूळ सापडतं. ते खरवडायला दोन मिनिटं पुरतात.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकं काय सांगतेय ते नीट ऐका. साधारण 80 ते 100 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) बघा. थरथर सीटखालून येत असेल तर मागच्या चाकांचं. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर डिस्क तपासा, टायरला दोष देऊ नका. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा बॅलन्सिंग करून घेणं ही तर नेहमीची गल्लत. ओढण्याचा संबंध हवा, टायर, अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कोन) किंवा अडकलेल्या ब्रेकशी असतो. आधी चारही चाकांत हवा सारखी करा. तरीही ओढत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून बघा. ओढायची बाजू बदलली की समजायचं, दोष टायरमध्येच आहे. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका.)

हवा आणि झीज

टायरच्या बाजूवर छापलेला हवेचा आकडा बघून तेवढी हवा भरणारे खूप आहेत. तो आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीला किती हवा हवी, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, आणि तो आकडा थंड टायरचा असतो. लांबून आल्यावर हवा मोजली तर ती तीन-चार पीएसआय जास्त दिसते, आणि लोक ‘जास्तीची’ हवा काढून टाकतात. सकाळी टायर थंड झाले की तेवढीच कमी भरते.

टायर झिजला कसा, यावरून बरंच कळतं. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी राहिली. मधला पट्टा घासला असेल तर जास्त होती. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट. टायरवर हात फिरवल्यावर उंचसखल खड्डे लागले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. कारण तसंच ठेवून नुसता टायर बदलला, तर नवा टायरही त्याच वाटेनं जातो. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. झिजलेली नक्षी त्यांच्या पातळीला आली की खोली 1.6 मिमी उरलेली असते. टायर गोटा होईपर्यंत वाट पाहू नका. वयही बघा. बाजूवर DOT (डॉट) अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यातला.

बाजूच्या भिंतीला झालेलं पंक्चर काढून घेऊ नका. टायर बदला.

जॅक आणि नट

गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणं हा जिवाशी खेळ आहे, आणि ‘दोन मिनिटांचंच काम’ म्हणून तो सगळ्यात जास्त खेळला जातो. जमीन सपाट आणि कडक हवी. उचलायच्या चाकाच्या विरुद्ध टोकाच्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागची चाकं धरतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की तो जवळपास निरुपयोगी होतो. गाडीखाली काम असेल तर ती जॅकस्टँडवर (वजन पेलणाऱ्या मजबूत पायांवर) टेकवा, टेकल्यावर हातानं हलवून बघा, मगच खाली हात घाला.

नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. चाक परत बसवण्याआधी हबवरचा (चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशनं घासून काढा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर चाक सपाट बसत नाही आणि नट पुढे ढिले पडतात. नट आधी बोटांनी फिरवा, आटे नीट धरले की मग पाना लावा, आणि गोल फिरत न जाता समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा. शेवटचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानं) द्या. पाइप लावून त्यावर उभं राहणं नको, आणि आट्यांना तेलही नको. तेलामुळे तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो.

सस्पेन्शन: इथे मी स्वतः फसलोय

खालच्या आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश मी एकदा घरी बदलले. सगळं व्यवस्थित बसवलं, चाक हवेत लटकत असतानाच बोल्ट पक्के केले आणि खूश झालो. काही महिन्यांत बुश फाटले. पार्ट नकली मिळाला, असंच बरेच दिवस वाटत होतं. बहुतेक बुशमध्ये रबर दोन धातूच्या नळ्यांना चिकटलेलं असतं आणि बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते. चाक लटकताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं. म्हणून बोल्ट आधी नुसते अडकवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मगच शेवटचा ताण द्यायचा.

खडखड कुठून येते ते शोधताना चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल फिरणारा सांधा). मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर जॉइंट. डावी-उजवीकडून धरून हललं तर टाय रॉडवर (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावर) संशय घ्या. शॉकअपमधून तेल गळत असेल तर जोडीनं बदला.

स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाच्या) टोकाचा मधला नट मात्र घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग त्याच नटानं अडवलेली असते. स्प्रिंग आवळायचं योग्य साधन नसताना तो सुटला तर सावरायलाही वेळ मिळत नाही. हे काम गॅरेजचं.

टाय रॉड एंड बदलणार असाल तर जुना काढताना फेरे मोजा आणि नवा तितकेच फेरे आत घाला. तेवढ्यानं अलाइनमेंट होत नाही, पण अलाइनमेंट करून घ्यायला जाईपर्यंत गाडी साधारण सरळ चालते.