फुलझाड निवडताना आधी मूळ पाहा, मग फूल

पावसाला सुरुवात झाली की बागेत फुलझाडे लावण्याची घाई उडते, आणि या घाईत रोपाची निवड त्यावर उमललेल्या फुलाकडे पाहून केली जाते. लहानशा पिशवीत फुललेले बहाव्याचे किंवा तामणाचे रोप बहुधा तिच्यात गरजेपेक्षा जास्त काळ अडकून पडलेले असते. खाली जागा न उरल्याने त्याचे सोटमूळ तळाशी वेटोळे घालते, आणि तसेच ते जमिनीत गेले की वेटोळे सुटत तर नाहीच, उलट वर्षागणिक जाड होऊन स्वतःलाच आवळू लागते. दोन-तीन वर्षे झाड बरे दिसते; मग शेंडा सुकतो, किंवा एखाद्या वादळी पावसात ते बुंध्यापासून आडवे होते. अशा पडलेल्या झाडाच्या मुळांचा गठ्ठा अजूनही पिशवीच्याच आकाराचा आढळतो, तरी दोष मात्र वाऱ्याला दिला जातो.

म्हणून रोप घेण्यापूर्वी पिशवीचा तळ पाहावा. मूळ बाहेर पडून जमिनीत रुतले असेल तर ते रोप उचलताना तुटणारच. ते घेऊ नये. वरची माती बोटाने थोडी बाजूला करावी आणि खोडाभोवती फिरलेले मूळ दोरीसारखे हाताला लागले, तर रोप कितीही टवटवीत असले तरी परत ठेवावे. गुडघ्याएवढे, मोकळ्या मुळांचे रोप पुरुषभर उंचीच्या जुनाट रोपाला तीन-चार पावसाळ्यांत मागे टाकते, असा आमचा शेतावरचा अंदाज आहे.

हंगामाचा विचार त्यानंतर करावा. थंडी सरताना काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात. उन्हाळ्यात बहावा, तामण आणि गुलमोहर. पावसाळ्यात कदंब आणि त्याच्या अखेरीस पारिजातक. पुढे सप्तपर्णी आणि जांभळा कांचन. पळस फार सावकाश वाढतो, त्यामुळे ज्यांना धीर नाही त्यांनी तो एकटाच लावू नये. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असल्याने तो घरापासून आणि तारांपासून दूर हवा. सप्तपर्णीचा वास रात्री इतका उग्र होतो की खिडकीलगत लावणारे पुढे तिच्यावर कुऱ्हाड चालवतात. झुडपांत उन्हाळ्यासाठी मोगरा, पावसाळ्यानंतर कोरांटी आणि थंडीअखेरीस लाल फुलांची धायटी घेतल्यास मोठ्या झाडांमधले रिकामे महिने भरून निघतात.

लागवडीची नेहमीची कामे:
- खड्डा: झाडांना ६० × ६० × ६० सें.मी., झुडपांना ४५ सें.मी.
- भरणी: माती, कुजलेले शेणखत, ५०० ग्रॅम निंबोळी पेंड, ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (मुळांची कूज रोखणारी उपयुक्त बुरशी).
- मोगऱ्याची छाटणी थंडीत. पळस, कांचन यांची हवी तर फुले संपताच.

लावताना पिशवी पूर्ण फाडून काढावी. नुसता तळ कापून रोप खड्ड्यात ठेवणे हीच ती हयगय, जिच्यामुळे सर्वाधिक झाडे जातात. हलके वेटोळे दिसल्यास तळाचा दोन-तीन सें.मी. भाग धारदार चाकूने कापावा आणि मुळांसकट मातीच्या गोळ्याच्या कडेला तीन-चार उभ्या चिरा द्याव्यात. मुळे कापायला हात धजत नाही हे खरे, पण ती न कापल्याने होणारे नुकसान कायमचे असते. खोडाचा मातीलगतचा भाग जमिनीच्या पातळीतच राहावा, खोल पुरला जाऊ नये.

या वेळी विक्रेते मुळांचे टॉनिक, फुले वाढवणारी संजीवके आणि पाणी धरून ठेवणारी महागडी भुकटी पुढे करतात. गुंडाळलेले मूळ यांपैकी कशानेही सरळ होत नाही, आणि निरोगी मुळाला यांची गरज पडत नाही. पैसे खर्चायचेच असतील तर आधाराच्या काठीवर आणि आच्छादनावर खर्चावेत. बुंध्याशी कूज दिसली तर मात्र थांबू नये. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून आळवणी करावी, म्हणजे ते मुळांशी ओतावे, आणि ट्रायकोडर्मा त्यानंतर किमान पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावे.

जमीन फूटभर खोल ओली झाली की लगेच लावणी उरकावी. संततधार सुरू झाल्यावर भुसभुशीत खड्डा खचतो, तिथे पाणी साचते आणि कोवळी मुळे गुदमरतात. अशा वेळी रोपे पिशवीसह सावलीत उभी ठेवून पहिल्या उघडिपीला लावावीत, मात्र पुढच्या वर्षासाठी त्याच पिशवीत मुळीच राखू नयेत.