मँचेस्टर-लँकेशायरला नव्याने आलात? कापसाच्या वाटेने गिरण्या पाहा

मँचेस्टर, बोल्टन, ओल्डहॅम, प्रेस्टन या पट्ट्यात नोकरीला किंवा शिक्षणाला आलेली आपली मंडळी पहिल्या वर्षात लंडन, स्कॉटलंड, लेक डिस्ट्रिक्ट उरकतात. घरापासून दोन मैलांवरची गिरणी मात्र राहून जाते. याचं कारण आळस नाही. गिरणी एकटी पाहिली की लाल विटांची भिंत दिसते, आणि भिंत पाहायला कोण जाणार? ती कळायला हवी असेल तर कापूस ज्या क्रमाने इथे फिरला, त्याच क्रमाने फिरावं. आधी बंदर, मग कालवा आणि रेल्वे, मग बाजार, सूत, कापड आणि शेवटी वखार. सहा-सात शनिवार-रविवारांचं हे काम आहे. खर्च थोडा, आणि मुंबई, सोलापूर किंवा खानदेशातून आलेल्या माणसाला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल.

सुरुवात लिव्हरपूलपासून करा. लाइम स्ट्रीट स्टेशनवरून अल्बर्ट डॉकला चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. १८४६ साली उघडलेल्या या गोदीत अभियंता जेसी हार्टलीने वखारी विटा, दगड आणि बिडाच्या बांधल्या, लाकूड टाळलं. कापूस, साखर, दारू असा पेट घेणारा माल लाकडी वखारीत ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण होतं. जहाज थेट वखारीला लागायचं आणि माल उतरला की तिथल्या तिथे कुलूपबंद व्हायचा. पाण्याकडच्या जाड बिडाच्या खांबांजवळ उभं राहून वर पाहिलं की माल कुठून खेचत असतील ते लक्षात येतं. हा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमावर येत होता, हे विसरून इथली एकही इमारत पाहू नये.

पुढचा टप्पा मँचेस्टरमधलं कॅसलफील्ड. ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये वर्स्लीच्या कोळसाखाणीपासून वाहता झाला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. इथल्या गिरण्यांच्या वाफेमागचं गणित हेच. वर्स्लीला गेलात तर खाणीच्या तोंडाशी पाण्याला लोहाच्या क्षारांमुळे नारिंगी छटा दिसेल. जमिनीखाली खाणीच्या कालव्यांचं सुमारे ४६ मैलांचं जाळं होतं. कॅसलफील्डलाच लागून लिव्हरपूल रोड स्टेशन आहे. १५ सप्टेंबर १८३० ला सुरू झालेलं हे जगातलं सर्वांत जुनं टिकून राहिलेलं प्रवासी रेल्वे स्टेशन. आता ते विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाचा भाग आहे. प्रवेश मोफत. तिथल्या वस्त्रोद्योग दालनात यंत्रं चालवून दाखवतात, पण ठरावीक वेळेलाच. आत शिरताच पहिल्यांदा त्या वेळा विचारा आणि बाकीचं त्याभोवती बसवा. आवारात वर्षानुवर्षं दुरुस्त्या चालू आहेत, म्हणून कुठली इमारत बंद आहे ते निघण्याआधी संकेतस्थळावर पाहून घ्या.

कॅसलफील्डपासून रॉचडेल कालव्याच्या काठाने अँकोट्सपर्यंत चालत जाता येतं. वाटेत नऊ लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून होड्या वर-खाली नेणारे दरवाजे, लागतात. लॉकच्या कडेच्या दगडांवर शेवाळ असतं, त्यामुळे चामड्याच्या गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. पिकॅडिलीजवळ कालवा इमारतींच्या पोटातून जातो. तो तुकडा अंधारा आहे. तेवढ्यापुरतं वर रस्त्यावर यावं, आणि संध्याकाळनंतर काठाने जाऊच नये. लहान मुलांचा हात सोडू नका, कारण बहुतेक ठिकाणी कठडा नाही.

बाजार

रॉयल एक्स्चेंज ही सेंट ॲन्स स्क्वेअरजवळची इमारत आता नाट्यगृह आहे, पण तिचा खरा जीव त्या सभागृहात आहे. इथे सूत-कापडाचे हजारो व्यापारी उभ्या उभ्या सौदे करायचे. व्यवहार १९६८ च्या शेवटी थांबले आणि त्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून वरच्या फलकावर तसेच आहेत. मान वर करून शोधा, नाहीतर कॉफी पिऊन बाहेर पडाल. मधोमध उभं असलेलं सात बाजूंचं नाट्यगृह १९७६ चं. जुन्या जमिनीला त्याचा भार पेलला नसता, म्हणून तो सभागृहाच्या खांबांवर तोलला आहे.

तिथून पाच-सात मिनिटांवर ब्रॅझनोज स्ट्रीटला लिंकनचा पुतळा आहे. मँचेस्टरमध्ये लिंकन कशासाठी? १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापूस बंद झाला आणि लँकेशायरमध्ये लाखो हात रिकामे झाले. तरी इथल्या कामगारांनी गुलामीविरोधी बाजूला पाठिंबा दिला, त्याबद्दल लिंकनने १८६३ मध्ये आभाराचं पत्र लिहिलं. त्यातला मजकूर चौथऱ्यावर कोरला आहे. याच चार वर्षांत मुंबईला कापसाची तेजी आली. आपला आखूड धाग्याचा कापूस इथे 'सुरत' नावाने ओळखला जाई. तो यंत्रावर सारखा तुटायचा, विणकराचं उत्पादन घटायचं आणि उक्त्या मजुरीत पोटाला चिमटा बसायचा. 'देवा, कापूस पाठव, पण सुरत नको' अशी प्रार्थना इथल्या प्रार्थनाघरांत होत असे, असं सांगतात. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले शेअरवाले बुडाले. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद याच तेजीतले. एका पुतळ्यापाशी उभं राहून ही दोन्ही टोकं जोडता येतात.

सूत आणि कापड वेगळं ओळखा

हे एकदा कळलं की रेल्वेच्या खिडकीतूनही गिरणी वाचता येते. दक्षिणेकडे, म्हणजे ओल्डहॅम, बोल्टन, रॉचडेलला मुख्यतः सूतकताई. उत्तरेकडे, म्हणजे बर्नली, ब्लॅकबर्न, नेल्सनला विणकाम. सूतगिरणी उंच, चार-सहा मजली, कारण कताईची यंत्रं एकावर एक मजल्यांत बसवता येतात आणि एकाच इंजिनावर सगळे मजले चालतात. बाजूला उंच कमानदार खिडक्यांची खोली दिसली तर ते इंजिनघर. तिथून जाड दोर प्रत्येक मजल्याकडे जायचे. शेजारचं तळं शोभेचं नाही, इंजिनातली वाफ थंड करून तिचं पाणी करायला ते लागायचं. विणकामाची गिरणी मात्र बैठी, करवतीच्या दात्यांसारख्या छपराची. शेकडो माग एकदम धडधडले तर वरचे मजले हादरतील, म्हणून माग जमिनीवर. छपराच्या काचा उत्तरेकडे, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि कापडातला दोष लगेच दिसतो. इचलकरंजी-सोलापूरकडच्या जुन्या शेडना हेच छप्पर का, त्याचं उत्तर इथे आहे.

कताईसाठी मँचेस्टरच्या दक्षिणेकडच्या स्टायल गावची क्वारी बँक गिरणी पाहा. सॅम्युअल ग्रेगने ती १७८४ मध्ये बॉलिन नदीच्या पाण्यावर उभारली. पाणचक्की, कताईयंत्रं, बागा आणि कामाला ठेवलेल्या अनाथ मुलांचं १७९० चं घर, सगळं एका आवारात आहे. मुलांच्या घराची फेरी वेळ ठरवून असते, ती आधी धरा. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची जागा असल्याने तिकीट बरंच आहे. वर्षात अशा तीन-चार जागा होणार असतील तर कुटुंबाचं सभासदत्व घ्या, पार्किंगही त्यात सुटतं. स्टायल स्टेशनवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत. परतीची गाडी पाहिल्याशिवाय त्या स्टेशनवर उतरू नका.

एकच जागा पाहायला वेळ असेल तर मात्र बर्नलीजवळच्या हार्ल साइकची क्वीन स्ट्रीट मिल पाहा. १८९४-९५ मध्ये बांधलेली ही वाफेवरची विणकाम गिरणी जवळपास जशीच्या तशी आहे: सुमारे ३०० लँकेशायर माग, छताजवळून धावणारा लोखंडी दांडा, त्यावरून प्रत्येक मागाला खाली येणारा चामड्याचा पट्टा आणि 'पीस' नावाचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन. कामगार माग चालू करतो तेव्हा पट्टा मोकळ्या चाकावरून घट्ट चाकावर सरकवतो. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, एका बाजूने मारला जातो आणि दुसऱ्या पेटीत जाऊन आदळतो. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवून दुसरी घालायची, आणि असे चार माग एका बाईच्या अंगावर. धोट्याच्या भोकातून धागा ओठाने ओढून घ्यायची पद्धत होती, त्यातून दात आणि फुप्फुसं दोन्ही जायची. आवाजामुळे बायका ओठांच्या हालचालींवर बोलायच्या. थोडेसे मागही एकदम सुरू झाले की छातीत हादरा बसतो, तेव्हा तान्ह्या बाळाला आत नेऊ नका आणि मुलांना कान झाकायला काहीतरी बरोबर घ्या.

जागा हंगामी आहे. साधारण उन्हाळ्यात, तेही आठवड्याचे काही दिवस उघडी असते. यंत्रं कुठल्या दिवशी चालवणार, इंजिन वाफेवर असणार का, हे विचारूनच निघा, नाहीतर थंड पडलेलं लोखंड पाहून याल. मँचेस्टर व्हिक्टोरियाहून बर्नली मँचेस्टर रोडला थेट गाडी आहे, सुमारे एक तास. पुढे बर्नलीच्या बसस्थानकावरून हार्ल साइकची बस. २०१६ मध्ये पैशाअभावी ही गिरणी बंद पडली होती आणि नंतर परत उघडली. अशा जागा तिकिटं विकली गेली तरच राहतात.

आणखी अवजड इंजिन हवं असेल तर रॉचडेलजवळ एलनरोड आहे. 'व्हिक्टोरिया' आणि 'अलेक्झांड्रा' ही जोडी ३००० अश्वशक्तीची. सहसा महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वयंसेवक ती वाफेवर चालवतात. लँकेशायर बॉयलर हे नाव साखर कारखान्यात ऐकलेल्यांनी तो बॉयलर इथे मूळ गावी पाहावा.

वखार आणि आपलं धोतर

मँचेस्टरच्या व्हिटवर्थ स्ट्रीटवर १९०६ मध्ये कापडाच्या वखारीसाठी बांधलेलं इंडिया हाउस आता सदनिकांचं झालं आहे. दर्शनी बाजू सजवलेली, मागची बाजू मात्र खिडक्यांनी भरलेली, कारण कापड तपासायला उजेड लागतो. इथे कापड पाण्याच्या दाबावरच्या यंत्राने दाबून गाठी बांधायचे, जहाजात जागा कमी लागावी म्हणून. ती शक्ती शहरभर नळांनी पुरवणाऱ्या पंपघरांपैकी १९०९ चं एक उरलं आहे, त्यात आता पीपल्स हिस्ट्री म्युझियम आहे. प्रवेश मोफत, आणि पावसाच्या दिवसाला उत्तम. १९१३ मध्ये ब्रिटनमधून सुमारे ७ अब्ज यार्ड कापड बाहेर गेलं, त्यातलं सुमारे ३ अब्ज हिंदुस्थानात. ब्लॅकबर्नचे माग तर धोतरजोड्यांसाठीच प्रसिद्ध होते. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत पुण्यात ज्या विलायती कापडाची होळी झाली, त्याचं माहेर हा पट्टा. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी डार्वेनला बेकार विणकरांना भेटायला आले, तेव्हा गिरणीतल्या बायांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं. डार्वेनला १८६७ ची, ३०३ फुटांची चिमणी अजून उभी आहे आणि तिच्या गिरणीचं नाव इंडिया मिल. बोल्टन-ब्लॅकबर्न मार्गावर उतरून चालत पाहता येते.

सहकारी बँक, सहकारी साखर कारखाना यांच्या मुलुखातून आलेल्यांनी रॉचडेलच्या टोड लेनवरचं ३१ क्रमांकाचं जुनं सहकारी दुकान चुकवू नये. २१ डिसेंबर १८४४ ला इथे लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढ्याच मालावर सुरुवात झाली. चोख माप, भेसळ नाही, उधारी नाही, सभासदाला एक मत आणि नफा खरेदीच्या प्रमाणात परत. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या उपविधीत हीच तत्त्वं वाचायला मिळतात. पाहायला तासभर पुरे.

गिरणीतलं घर भाड्याने घेताना

नव्याने आलेल्या पुष्कळांना अँकोट्समधल्या जुन्या गिरणीतला फ्लॅट दाखवला जातो. उंच छत, विटांच्या भिंती, बिडाचे खांब, पाहताक्षणी आवडतो. मात्र सही करण्याआधी एवढं पाहा. खिडक्या एकेरी काचेच्या आहेत का? वारसा इमारतीत त्या बदलायला परवानगी लागते आणि घरमालक त्या भानगडीत पडत नाही. गॅस बहुधा नसतो, विजेच्या हीटरवर उंच खोली तापवताना जानेवारीचं बिल डोळे पांढरे करतं. म्हणून ऊर्जा प्रमाणपत्राची श्रेणी मागा. खिडकीच्या चौकटीखाली आणि कपाटामागे बुरशीचे काळे डाग शोधा. फोडणीचा धूर बाहेर टाकणारा पंखा आहे की नुसता हवा फिरवणारा, हेही पाहा. वर्षाचं भाडं ५०,००० पाउंडांपेक्षा कमी असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते.

प्रवास आणि आई-वडील

ट्रामला बँकेचं कार्ड थांब्यावरच्या यंत्राला चढण्याआधी आणि उतरल्यावर दोन्हीकडे लावायचं, आणि तेच लावायचं. जाताना फोन आणि येताना कार्ड केलंत तर जास्त पैसे कापले जातात. बसमध्ये फक्त चढताना लावायचं. रेल्वेचं तिकीट गाडीत बसण्याआधी काढा, नाहीतर दंड होतो. ५ ते १५ वर्षांचं मूल बरोबर असेल तर कुटुंबाच्या रेलकार्डावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत मिळते. एक-दोन प्रवासांत त्याची किंमत वसूल होते.

भारतातून आई-वडील येणार असतील तर मे ते सप्टेंबरमधल्या फेऱ्या ठेवा. कालव्याची लांब चाल त्यांना नको. रॉयल एक्स्चेंज, विज्ञान संग्रहालय आणि रॉचडेल झेपतात. क्वारी बँकला चढ-उतार आणि जिने बरेच आहेत, त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवा. बहुतेक कॅफेंत शाकाहारी म्हणजे चीज सँडविच आणि सूप, तेव्हा डबा बरोबर असावा. बाहेर बाकं असतात.

एरवी बंद असलेल्या कित्येक गिरण्या, इंजिनघरं आणि वखारी सप्टेंबरमधल्या हेरिटेज ओपन डेजला मोफत उघडतात. काहींसाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि चांगल्या जागा लवकर भरतात, म्हणून ऑगस्टमध्येच यादी पाहायला लागा.