पाण्यातला पालक पिवळा पडला तेव्हा

बाल्कनीत एकीकडे कुंडीतला पालक, दुसरीकडे एअर पंप लावलेल्या डब्यात, मातीशिवाय, खत घातलेल्या पाण्यावरचा. बी एकाच पुडीतलं. तिसऱ्या आठवड्यात पाण्यातल्या रोपांची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खत कमी पडतंय समजून दोनदा वाढवलं. पानांच्या कडा करपल्या, एवढंच झालं.

शेवटी पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल की अल्कधर्मी, ते मोजलं (हे आधीच सुचायला हवं होतं): ७.८, म्हणजे अल्कधर्मी. आमच्याकडे मार्चपासून बोअरचं जड पाणी येतं. इतक्या पीएचला खतातलं लोह मुळांना नीट मिळत नाही. डबा रिकामा केला, आरओच्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळलं, खत अर्धं केलं आणि फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबानं घालत पीएच ६ वर आणला. आठ दिवसांत नवी पानं हिरवी फुटली. जुनी पिवळी ती पिवळीच.

कुंडीलाही तेच बोअरचं पाणी, पण तिला काही झालं नाही. शेणखताची माती चूक पोटात घालते. शिवाय वीज गेली की पंप बंद, आणि एप्रिलमध्ये तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी. म्हणून टोमॅटो मातीतच लावलेत. पालक पाण्यातच ठेवलाय, डब्याला पांढरं कापड गुंडाळून.